एका नखात दोन रोग

सोरायसिस असलेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याचं नख जाड झालं, पिवळं पडलं, त्याखाली भुसभुशीत चुरा साचू लागला, तर दोष कुणाचा? सोरायसिसचा, बुरशीचा, की दोघांचा मिळून? त्वचारोगतज्ज्ञ यावर गेली चाळीसेक वर्षं उलटसुलट लिहीत आले आहेत. दवाखान्यात मात्र वाद घालायला कुणाला सवड नसते. अंगावर चट्टे दिसले की नखही ‘सोरायसिसचंच’ ठरतं आणि स्टेरॉइडची ट्यूब हातात पडते. चट्टे कपड्याखाली राहिले, रुग्णाने दाखवलेच नाहीत, तर तेच नख ‘बुरशीचं’ ठरतं आणि तीन महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. अंदाज चुकला तर नुसतं औषध वाया जातं असं नाही. स्टेरॉइड बुरशीला मोकळं रान देतं, आणि बुरशीची सर्वात जास्त वापरली जाणारी गोळी काही जणांचा सोरायसिस भडकवते. म्हणून हा प्रश्न नखाएवढा लहान नाही.

हा प्रश्न मी एका गावापासून पाहतो आहे: धानोरा. या नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. इथे डोळ्यांपुढे आहे ते नंदुरबार जिल्ह्यातलं. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे. पावसाळ्यात भाताच्या खाचरात पाय दिवसभर चिखलात असतात आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागांवर, बायका दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात, ती उन्हाळ्यातच परततात. नखाच्या रोगावरचे आकडे पुढे येतील ते बहुतेक परदेशातले किंवा मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतले. ते इथल्या हातापायांवर ठेवून पाहिले तरच त्यांना अर्थ येतो.

आधी नखाची गोष्ट. नख तयार होतं ते मुळात, कातड्याच्या दुमडीखाली. तिथून ते पुढे सरकतं आणि खालच्या मऊ त्वचेला चिकटून राहतं. सोरायसिस मुळाशी असेल तर नखाच्या पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख खडबडीत होतं, क्वचित पार भुगा होतो. तो खालच्या त्वचेत असेल तर नखातून तांबूस-पिवळा तेलकट डाग दिसतो, नख टोकाकडून सुटू लागतं, त्याखाली जाड थर साचतो, रक्ताच्या बारीक उभ्या रेषा दिसतात. सोरायसिसच्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांची नखं कोणत्याही एका वेळी बिघडलेली असतात, आणि आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होणाऱ्यांचं प्रमाण 80 ते 90 टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. ज्यांना सोरायसिससोबत सांधेदुखी आहे त्यांच्यात तर नखं बिघडणं नेहमीचंच, कारण बोटाच्या शेवटच्या सांध्यावरचा स्नायुबंध थेट नखाच्या मुळापाशी येऊन चिकटतो. सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील आणि नखावर खड्डे असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. नखाकडे बघता बघता पुष्कळदा सांधे राहून जातात.

बुरशीची खूण वेगळी, निदान पुस्तकात तरी. ती बहुधा पायाच्या नखात, त्यातही अंगठ्यात, टोकाकडून किंवा कडेने शिरते. दहाही नखं सारखी बिघडत नाहीत, एखाद-दोन बिघडतात. बेचक्यात चिखल्या असतात, तळव्याला कोरडी पापुद्रे निघणारी त्वचा असते. बुरशीने नखावर खड्डे पडत नाहीत. खड्डे दिसले तर सोरायसिस, इसब किंवा चाई यांचा विचार करायचा. इतकं सगळं सरळ असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता. नख सुटणं, पिवळेपणा, खाली साचलेला चुरा ही तिन्ही लक्षणं दोन्ही रोगांत येतात. शिवाय हाताच्या नखावर खड्डे आहेत म्हणून पायाच्या नखात बुरशी नाही, असं होत नाही. नखाच्या सोरायसिसची तीव्रता मोजायला 2003 मध्ये आलेली ‘नॅप्सी’ नावाची गुणपद्धती जगभर वापरली जाते. तिच्यात नख सुटणं आणि खालचा जाड थर यांनाही गुण आहेत. म्हणजे बुरशी न तपासता गुण दिले तर बुरशीही सोरायसिसच्या खात्यात जमा होते, आणि औषधाने गुण उतरले नाहीत की औषध निकामी ठरतं. नव्या महागड्या औषधांच्या चाचण्या वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता मुख्य वाद. सोरायसिस असलेल्यांना नखाची बुरशी जास्त होते का?

नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं पटण्याजोगं आहे. सोरायसिसमध्ये नख नेहमीपेक्षा वेगाने वाढतं; बुरशी मूळ धरण्याआधीच पुढे ढकलली जाते आणि कापून टाकली जाते. शिवाय सोरायसिसच्या त्वचेत जंतूंना मारणारी प्रथिनं मुबलक असतात, त्यामुळे या रुग्णांना त्वचेचे जंतुसंसर्ग एरवीही कमी होतात. सुरुवातीच्या काही छोट्या अभ्यासांत फरक दिसलाच नव्हता. होय म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की नख एकदा खालच्या त्वचेपासून सुटलं की तिथे ओलसर, अंधारी पोकळी तयार होते, आणि केराटिनचा सैल चुरा तर बुरशीचं अन्नच. नखाच्या टोकाशी जी त्वचेची घट्ट कड बाहेरच्या गोष्टी आत येऊ देत नाही, तीच सोरायसिसने मोडलेली असते. त्यात रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं चालू असतात.

1997 मध्ये कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने अनेक केंद्रांतल्या 561 सोरायसिस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी 13 टक्क्यांच्या पायाच्या नखात बुरशी सापडली. वय आणि लिंग यांचा हिशेब धरल्यावर सोरायसिस असलेल्यांना बुरशी असण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट निघाली. माझ्या मते त्या अभ्यासातला अधिक कामाचा आकडा वेगळाच आहे: ज्यांची पायाची नखं बघताक्षणी बिघडलेली दिसत होती, त्यांच्यापैकी 27 टक्क्यांत बुरशी होती. पुढे 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने तोवरचे सगळे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा सरासरी प्रमाण 18 टक्के आलं आणि निष्कर्ष सावध होता: प्रमाण वाढलेलं दिसतं. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेतून 2010 मध्ये आलेल्या अभ्यासात सोरायसिसने नखं बिघडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी मिळाली. परदेशी आकड्यांच्या मानाने हे फारच जास्त. दमट हवा हे एक कारण असू शकेल, आणि रुग्णालयापर्यंत येणारे रुग्ण मुळात जास्त त्रासाचे असतात हे दुसरं.

या आकड्यांकडे पाहून ‘जास्त होते की नाही’ हा वाद मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. 27 टक्के घ्या किंवा निम्मे, समोर बसलेल्या माणसाला दोन्हीचा उपयोग एकच: केवळ बघून सांगणं शक्य नाही. चारांतल्या एकाला बुरशी असेल तर सर्वांना बुरशीच्या गोळ्या देणं म्हणजे तिघांना उगाच औषध, आणि कुणालाच न देणं म्हणजे एकाला स्टेरॉइड लावून बुरशी पोसणं.

कोणती बुरशी, हाही प्रश्न दुय्यम नाही. पायाच्या नखात जगभर सर्वाधिक सापडते ती ट्रायकोफायटॉन रुब्रम. विसाव्या शतकात बंद बुटांसोबत ती शहरांत पसरली. अनवाणी चालणाऱ्यांत पायाची बुरशी तुलनेने कमी असते. शेतात अनवाणी आणि कामावर दिवसभर प्लास्टिकच्या किंवा रबराच्या बुटांत, अशी दोन्ही परिस्थिती एकाच माणसाच्या वाट्याला आली तर हिशेब बदलतो. हाताच्या नखात, विशेषतः सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांच्या, कॅन्डिडा हे यीस्ट जास्त मिळतं. नखाच्या कडेला सूज येते, नखुरडं होतं, पू येतो. सोरायसिसच्या सुटलेल्या नखाखाली यीस्ट आणि ॲस्परजिलससारख्या बुरशी बऱ्याचदा सापडतात. त्या तिथे नुसत्या राहायला आल्या आहेत की रोग करत आहेत, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. पुन्हा नमुना घेऊन तीच बुरशी मिळाली तर तिला गुन्हेगार मानायचं. हे ठरवल्याशिवाय औषध निवडता येत नाही, कारण टर्बिनाफिन, म्हणजे बुरशीची नेहमीची गोळी, ट्रायकोफायटॉनवर जितकं चालतं तितकं कॅन्डिडावर चालत नाही.

तपासणीकडे येऊ. सर्वात जुनी आणि सर्वात स्वस्त म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडची, दवाखान्याच्या बोलीत ‘केओएच’. नख स्पिरिटने पुसायचं, सुटलेला पुढचा भाग कापून टाकायचा, आणि जिवंत नखाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन खालचा चुरा खरवडून घ्यायचा. बाहेरचा चुरा घेतला तर त्यात वाऱ्यावरून आलेली बुरशीच मिळते. तो चुरा काचपट्टीवर 20 ते 40 टक्के तीव्रतेच्या द्रावणात ठेवायचा. त्वचेचा नमुना काही मिनिटांत विरघळतो, नखाला तासभर, कधी रात्रभर लागतो. घाईत पाहिलेली पट्टी ‘निगेटिव्ह’ निघते ती इथेच. मग सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले बारीक धागे शोधायचे. पेशींच्या कडांची जाळी नवख्याला बुरशीसारखी भासते, म्हणून डोळा तयार व्हावा लागतो.

दुसरी तपासणी कल्चरची: फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमाँ साबुरो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर बुरशी वाढवायची. तीन ते चार आठवडे लागतात आणि नमुन्यात बुरशी असूनही पुष्कळदा काही उगवत नाही. तिसरी म्हणजे कापलेलं नख फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे पाठवणं आणि ‘पास’ नावाचा रंग देऊन बघणं. अमेरिकेतल्या 2003 च्या एका तुलनेत या रंगाच्या तपासणीने 92 टक्के, केओएचने 80 टक्के आणि कल्चरने 59 टक्के रुग्ण पकडले. पास तपासणीचा दुसरा फायदा असा की फॉर्मॅलिन नसलं, नखाचा कापलेला तुकडा कोरडाच राहिला, तरी बिघडत नाही. डबीत घालून धुळ्याला किंवा नंदुरबारला पाठवता येतो. बुरशीचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी आता मोठ्या शहरांत होते. त्वचा पाहण्याच्या भिंगाने, म्हणजे डर्मोस्कोपने, सुटलेल्या नखाची कड बघूनही अंदाज येतो: सोरायसिसमध्ये कडेला लालसर पट्टा असतो, बुरशीत कड दातेरी असून उभ्या पट्ट्या मुळाकडे जाताना दिसतात. तरी हा अंदाजच. औषध सुरू करण्याइतकी खात्री त्यातून येत नाही.

इथे एक उलटा युक्तिवाद ऐकायला मिळतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका विश्लेषणात असं निघालं की तपासणीवर खर्च करण्यापेक्षा सरळ टर्बिनाफिन देणं स्वस्त पडतं, कारण गोळी स्वस्त आणि बरीचशी सुरक्षित आहे. त्याआधी 2013 मध्ये तिथल्याच त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने बरोबर उलटा सल्ला दिला होता: तपासल्याशिवाय बुरशीच्या गोळ्या देऊ नका. सोरायसिसच्या रुग्णाला पहिला हिशेब लागू होत नाही असं मला वाटतं. तो हिशेब बांधला आहे अशा लोकांसाठी ज्यांचं बिघडलेलं नख बहुतेक वेळा बुरशीचंच असतं. सोरायसिसमध्ये बिघडलेल्या नखाला आधीच एक कारण हजर असतं, आणि गोळीचा धोकाही इतरांपेक्षा वेगळा असतो.

तो धोका काय, ते सांगितलं पाहिजे. टर्बिनाफिन रोज 250 मिलिग्रॅम, हाताच्या नखाला सहा आठवडे, पायाच्या नखाला बारा. पूर्ण बरं होण्याचं प्रमाण, म्हणजे नख स्वच्छ आणि तपासणीतही बुरशी नाही असं, अमेरिकेत औषधाला मान्यता देणाऱ्या चाचण्यांत 38 टक्के होतं. नुसती बुरशी गेली असं पाहिलं तर सुमारे 70 टक्के. इट्राकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध महिन्यातून एक आठवडा असं देता येतं, पण 1999 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या 496 रुग्णांच्या चाचणीत बुरशी जाण्याचं प्रमाण बारा आठवड्यांच्या टर्बिनाफिनने 76 टक्के आणि इट्राकोनॅझोलच्या तीन फेऱ्यांनी 38 टक्के आलं. म्हणून टर्बिनाफिन पहिलं. पण याच औषधाने सोरायसिस भडकल्याच्या, क्वचित अंगभर पूभरल्या पुटकुळ्या आल्याच्या नोंदी 1990 च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असं सर्रास होत नाही, म्हणून औषध टाळायचं कारण नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत चट्टे वाढले तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं, हे रुग्णाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. नसेल सांगितलं, तर तो ‘सोरायसिस वाढला’ म्हणून आणखी ट्यूब आणतो आणि गोळी चालूच राहते.

दुसरा प्रश्न औषधांच्या एकमेकांशी पटण्याचा. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच भार असतो. टर्बिनाफिनही यकृतातून जातं. दोन्ही एकदम द्यायची तर आधी आणि मध्ये रक्ताची तपासणी हवी, आणि दारू, मोहाची असो की दुकानातली, पूर्ण बंद. जाता जाता एक गोष्ट, जी नखाशी संबंधित नाही पण जिवाशी आहे: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. बुरशीची गोळी रोज आणि सोरायसिसची आठवड्याला, अशी दोन पाकिटं घरात असतील तर अदलाबदल होऊ शकते, आणि मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर माणूस दगावू शकतो. पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून घ्या; वाचता येत नसेल तर घरातल्या एकाला जबाबदारी द्या. सोरायसिससाठी सायक्लोस्पोरिन चालू असेल तर इट्राकोनॅझोलमुळे सायक्लोस्पोरिन रक्तात वाढतं; हृदय कमकुवत असेल तर इट्राकोनॅझोल देतच नाहीत. इंजेक्शनातून दिल्या जाणाऱ्या नव्या औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत नखाची बुरशी जास्त दिसल्याचं 2013 च्या कुवेतमधल्या अभ्यासात आलं आहे. सेक्युकिनुमॅबसारख्या औषधांनी तोंडात आणि जांघेत कॅन्डिडा वाढतो. ही इंजेक्शनं धानोऱ्यापासून लांबची आहेत, पण सुरत-मुंबईला कामाला गेलेल्या घरच्या माणसापर्यंत पोहोचू शकतात.

नुसत्या लावायच्या औषधांवर फार भिस्त ठेवू नये. सायक्लोपिरॉक्सच्या 8 टक्के लाखेने 48 आठवड्यांत पूर्ण बरे झालेले दहा टक्क्यांहून कमी. एफिनाकोनॅझोलच्या दोन मोठ्या चाचण्यांत 17.8 आणि 15.2 टक्के. अमोरोल्फिन आठवड्यातून एक-दोनदा लावायचं, तेही महिनोन् महिने. गोळी चालणारच नसेल, किंवा बुरशी नखाच्या टोकापुरतीच असेल, तेव्हा त्यांचा उपयोग. लसूण, व्हिनेगर, करंजाचं तेल यांच्याबद्दल घरोघर सांगितलं जातं. तेलाने कातडी मऊ राहते एवढं खरं.

गोळ्या आणि लाख यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती मेडिकलच्या काउंटरवरच्या ट्यूबची. क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र घातलेल्या ट्यूब देशभर वर्षानुवर्षं खपल्या. ‘खाज आहे’ म्हटलं की तीच. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आतून पसरतो. या सवयीची किंमत आता दिसते आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायट्याची अशी साथ पसरली आहे की साधी औषधं लागू पडेनाशी झाली. त्यातल्या प्रमुख बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालं. तिच्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, आणि ती परदेशांतही पोहोचली आहे. नखात ती तुलनेने कमी शिरते, पण जांघेत नायटा आणि पायाच्या नखात चुरा असलेल्या माणसाला टर्बिनाफिन देताना हा विचार करावा लागतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. बंदी कागदावर आहे. सोरायसिसच्या रुग्णाची अडचण अशी की त्याला क्लोबेटासोल खरोखर लागू पडतं, डॉक्टरही ते देतात. म्हणून तीच ट्यूब तो न तपासलेल्या नखालाही लावतो, आणि घरातल्या दुसऱ्याच्या नायट्यालाही.

नंदुरबारमध्ये नखाचा प्रश्न आणखी दोन ठिकाणी अडतो. पहिलं, कुष्ठरोग. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत तो अजून जास्त आढळतो त्यांत नंदुरबार आहे. कुष्ठरोगात बोटं बधिर होतात, सतत ठेच लागते, नखं जाड आणि वेडीवाकडी होतात. सोरायसिस आणि कुष्ठरोग हे दोन रोग वेगळे आहेत हे व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने 1841 मध्ये ठामपणे मांडलं. त्याआधी कित्येक शतकं सोरायसिसचे रुग्ण कुष्ठरोगी म्हणून गावाबाहेर काढले गेले. आजही शोधमोहिमेत आशाताईंना चट्टा दिसला की घरचे घाबरतात. चट्ट्यावर आणि बोटाला स्पर्श, टोचणं, गरम-थंड समजतं का, हे पाहणं मिनिटाभराचं काम आहे. समजत नसेल तर नखाची बुरशी नंतर, आधी कुष्ठरोगाची तपासणी.

दुसरं, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. या पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणावर आहे. देशपातळीवरची निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाने नखांवर काळपट उभे पट्टे येतात. ते बुरशी समजून गोळ्या सुरू करू नयेत. उलट एकाच नखात एकच नवा काळा पट्टा रुंद होत असेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

नखाची निगा हा विषय आपल्याकडे दुर्लक्षिला जातो, आणि सोरायसिसमध्ये त्याला वेगळं महत्त्व आहे. हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरने 1870 च्या दशकात दाखवलं की सोरायसिस असलेल्याची त्वचा जिथे दुखावते तिथे नवा चट्टा उठतो. नखालाही हेच लागू आहे. सुटलेल्या नखाखालचा चुरा काडीने, पिनने कोरून काढला की नख आणखी सुटतं. देठ खुडताना, भांडी घासताना, भात लावताना नखाच्या टोकावर रोज ताण येतो, आणि मिरचीने आधीच चिरलेली कातडी जळते. काम सोडा म्हणणं सोपं, पण त्याला अर्थ नाही. नखं आखूड ठेवता येतात, देठ खुडताना जुन्या कापडाची पट्टी बोटांना गुंडाळता येते, चिखलातून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करता येतात. नेलकटर आणि ब्लेड घरात प्रत्येकाचं वेगळं असावं. केशकर्तनालयातल्या ब्लेडने पायाची नखं कापून घेऊ नयेत.

आणि शेवटी वेळ. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम दीड. गोळ्या बारा आठवड्यांत संपतात, पण पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. गोळ्या संपल्यावर नख तसंच पाहून दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर असा प्रवास सुरू होतो, त्याचं कारण बहुधा हेच. बुरशी गेली तरी सोरायसिसचे खड्डे आणि सुटलेलं नख राहणार, हेही आधी सांगायला हवं. बारा आठवड्यांची मुदत ऊसतोडीच्या काळात पडली तर औषध मध्येच तुटतं. तातडी नसेल तर गोळ्या जूनमध्ये, लोक गावी परतल्यावर सुरू कराव्या. त्या काळात रक्ततपासणीही करता येते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असतो, मलेरियाच्या काचपट्ट्या पाहणारा तंत्रज्ञ असतो. केओएच द्रावणाची बाटली आणि खरवडायचं ब्लेड यांना फार पैसे लागत नाहीत. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी जिल्ह्यातल्या तंत्रज्ञांना दोन दिवस नखाच्या पट्ट्या वाचायला शिकवलं, तर निदानाचं निम्मं काम गावातच होईल. जिल्हा आरोग्य विभागाने हे मनावर घ्यावं.

तोवर रुग्णाने स्वतः एवढं करावं. सोरायसिस आहे हे नख दाखवताना सांगावं, चट्टे झाकलेले असले तरी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ट्यूबा सोबत न्याव्या. आणि तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली की विचारावं, नखाचा चुरा तपासला का? तपासला नसेल तर आधी तपासून घ्या. गोळ्या पंधरा दिवस उशिरा सुरू झाल्याने नखाचं काही बिघडत नाही.